देवदान मास्तर शपथ सोडतात

शरणपुरात लेंट लागलं हे कळायला कॅलेंडर बघावं लागत नसे. देवदान मास्तर संध्याकाळी सातला घरी सापडले की समजायचं, उपवासकाळ सुरू झाला. एरवी त्या वेळेला मास्तर नाल्यापलीकडे सहादूच्या गुत्त्यात असायचे, आणि तिथून घराकडे निघाले की अख्खा रस्ता त्यांना अपुरा पडायचा. पण वर्षातले ते चाळीस दिवस थेंबाला शिवायचे नाहीत. ईस्टरची तारीख दर वर्षी मागेपुढे होते, मंडळीतल्या निम्म्या लोकांना ती ठाऊक नसते. सहादू खंडोबाचा भक्त, तरी त्याला ती चर्चच्या पाळकाच्या आधी माहीत असायची. धंद्याचा प्रश्न होता हो.

मास्तर मिशनच्या शाळेत ड्रिल शिकवायचे. छाती पुढे, मिशा वर, गळ्यात शिट्टी. मैदानात त्यांनी 'सावधान' म्हटलं की पलीकडे दवाखान्याच्या रांगेतले पेशंट ताठ उभे राहायचे. माणसाचं शरीर म्हणजे पोरांची रांग, हुकूम दिला की ऐकलंच पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त. एकदा त्यांना ताप भरला तेव्हा त्यांनी तापालाही हुकूम दिला होता. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पण मास्तर म्हणायचे, हुकूम पोचायला वेळ लागतो.

राखेच्या बुधवारची, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसाची, शरणपुरात एक रीत होती. भक्ती संपली की एकेकानं पुढे जायचं आणि चाळीस दिवस आपण कुठली आवडती गोष्ट सोडणार ते पाळकांना कानात सांगायचं. बाया चहातली साखर सोडायच्या. पोरं सिनेमा सोडायची. म्हातारे कारभारी उपदेशक मटण सोडायचे. त्यांना दात नव्हते, पण ते असो. मास्तर मात्र कानात बिनात काही सांगायचे नाहीत. मंडळीकडे तोंड करून, टाचा जुळवून, शिट्टीवर हात ठेवून गरजायचे, की मी देवदान यशवंत साळवे ईस्टरपर्यंत दारूला हात लावणार नाही. देवळाच्या काचा थरथरायच्या. आणि खरोखरच लावायचे नाहीत. बाहेरगावचे पाहुणे आले तर लोक त्यांना लांबून मास्तर दाखवायचे. ईस्टरच्या पहाटेची भक्ती झाली की मास्तर तडक सहादूकडे जायचे आणि दुपारी चौघांच्या आधारानं घरी यायचे, पण त्याबद्दल कोणी फार बोलत नसे.

"व्यसनी माणूस चाळीस दिवस राहील का?" असं मास्तर भेटेल त्याला विचारायचे. "मी मनात आणलं की सोडतो, मनात आणलं की धरतो." याला उत्तर नव्हतं. उत्तर फक्त त्यांच्या बायकोकडे, मार्थाबाईंकडे होतं, आणि ते असं, की शुद्धीतल्या यांच्यापेक्षा प्यालेले परवडले. कारण लेंटमध्ये मास्तर घरात असायचे, आणि घरात असले की घराची कवायत घ्यायचे. पहाटे पाचला शिट्टी. फळीवरची भांडी उंचीप्रमाणे. पोरींच्या वेण्या मापात. घरातलं मांजर दर लेंटला शेजारी मुक्कामाला जायचं आणि ईस्टरनंतर परत यायचं.

आता थोरलीच्या लग्नाची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. थोरली एस्तेर. तिचं लग्न झालं सत्याहत्तरच्या नाताळात, म्हणजे मास्तरांच्या ओल्या दिवसांत. आपल्यात बाप मुलीचा हात धरून तिला देवळाच्या दारापासून वेदीपर्यंत नेतो. मास्तर सकाळीच 'थोडीशी, धीर यावा म्हणून' घेऊन आले. पोरीचा हात धरला, आणि पेटीवर सूर लागल्याबरोबर मैदानातला आवाज काढून 'डावा-उजवा, डावा-उजवा' करत तिला फरफटत वेदीपाशी नेलं. तिथं टाच आपटून थांबले, मंडळीकडे वळले आणि म्हणाले, 'विश्राम!' निम्मी मंडळी खरोखर पाय फाकवून उभी राहिली, हो. सगळं देऊळ हसलं. एस्तेर पदराआड रडली. मास्तरांना दुसऱ्या दिवशी यातलं काही आठवत नव्हतं, आणि ज्यानं त्यानं येऊन ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

त्यानंतरच्या लेंटमध्ये घात झाला. घात केला कारभारी उपदेशकांनी, तोही धर्माचं शिकवताना. रविवारच्या वर्गात ते सहज बोलून गेले, की उपवासाचे चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाच्या आनंदाचा दिवस. मास्तरांनी हात वर करून त्यांना हे पुन्हा सांगायला लावलं. झालं. इतकी वर्षं आपण फुकटात जास्तीचं सोसलं म्हणून मास्तर हळहळले आणि त्याच दुपारी सहादूकडे हजर झाले. सहादू आधी पेला देईना. म्हणाला, मास्तर, तुमचा सण अजून लांब हाय. त्याला बसून सगळं शास्त्र समजावून सांगावं लागलं.

पुढे मास्तरांचा शास्त्राचा अभ्यास वाढला. जुन्या हिशेबानं दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो असं त्यांना आढळलं, म्हणून शनिवारची संध्याकाळ रविवारात आली. रविवार संपतो कधी, तर कोंबडा आरवल्यावर. शेजारचा कोंबडा आळशी होता. मग त्यांना संतांचे दिवस सापडले, आणि संत तर देवाच्या दयेनं पुष्कळ आहेत. आणि एकोणऐंशीच्या लेंटमध्ये एक दिवस असा आला, की मास्तर सहादूच्या बाकावर बसले होते, समोर पेला रिकामा होता, आणि त्यांनी सहज विचारलं, आज वार कोणता? सहादू म्हणाला, गुरुवार.

मास्तरांनी सगळे संत आठवून पाहिले. कोणीच सापडेना. ते आले कधी, बसले कधी, पेला उचलला कधी, कशाचाच हुकूम त्यांनी दिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचीच भीती वाटली, आणि ती घालवायला त्यांनी आणखी एक पेला मागवला. हा गुरुवार त्यांनी कोणाला सांगितला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी धाकट्या रूथचं लग्न ठरलं. रूथ टेलिफोन खात्यात कामाला होती, दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि स्वतः मोजकं बोलायची. मुलगा नांदगावचा, रेल्वेत. लेंटमध्ये आपल्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून तारीख ईस्टरनंतरच्या आठवड्यातली धरली. सगळं ठरलं त्या रात्री जेवणं झाल्यावर रूथनं बापाच्या ताटाशेजारी बसून सांगितलं.

"बाबा, एस्तेरचं झालं ते झालं. मी कोणाचा हात धरून देवळात जायचं ते ईस्टर झाल्यावर ठरवीन. मामाला सांगून ठेवलंय."

मामा म्हणजे मार्थाबाईंचा धाकटा भाऊ शमुवेल, नगरपालिकेत कारकून. त्याला मुलगी नव्हती आणि हौस दांडगी. रूथचा विचार बदलू नये म्हणून त्यानं दुसऱ्याच दिवशी काळा सूट शिवायला टाकला, आणि संध्याकाळी ओसरीवर बहिणीचा हात धरून संथ पावलं टाकण्याचा सराव सुरू केला. मास्तर ते खिडकीतून बघायचे. त्यांना पोरीचं म्हणणं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच फार लागत होतं. जन्मात त्यांना दुसरं काही नको होतं. रूथनं आपला हात धरावा आणि कोणी हसू नये, बस्स.

तेव्हा ऐंशी सालच्या राखेच्या बुधवारी मास्तर मिशांना तेल लावून देवळात गेले. यंदाची शपथ अशी घ्यायची, की रविवार नाही, संत नाही, कोंबडा नाही, सरसकट. त्यांनी ती पाठ करून ठेवली होती. भक्ती संपली, मास्तर पुढे झाले, टाचा जुळवल्या, छातीत श्वास भरला. आणि नव्या पाळकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना वळवलं आणि आतल्या खोलीत नेलं.

नव्या पाळकांचं नाव मल्हारी अहिरे. नाव मल्हारी आणि काम पाळकाचं, म्हणून शरणपुरात सुरुवातीला थोडी कुजबूज झाली होती. पण त्यांनी नाव बदललं नाही. देवानं हाक मारली तेव्हा याच नावानं मारली, असं म्हणायचे. बागलाणातल्या नामपूरचा गडी, ठेंगणा, शांत, चिडला की अहिराणीवर जायचा. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली आणि सांगितलं, की यंदा तुम्ही शपथ घ्यायची नाही.

मास्तरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पाळक म्हणाले, लेंटमध्ये आवडती गोष्ट सोडायची असते ना? तर तुमची आवडती गोष्ट दारू नव्हे. तुमची आवडती गोष्ट शपथ आहे. ती सोडा. ईस्टरपर्यंत शपथ घ्यायची नाही, वचन द्यायचं नाही, 'मी मनात आणलं की' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

"मग प्यायची?" मास्तरांनी विचारलं.

"ते तुम्हीच बघा. जमत असंल तर नका पिऊ."

मास्तर भडकले. पाळक नवा आहे, अर्धवट आहे, कांद्याच्या बाजारातून आलेल्या माणसाला लेंट काय कळणार, असं ते मार्थाबाईंना भाजी चिरून होईपर्यंत सांगत होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की शपथेची गरजच काय? नाही प्यायची म्हणजे नाही प्यायची. बसू घरात. बसले. साडेसहाला उठले आणि नुसते पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडले.

पाय मोकळे झाले ते नाल्याच्या दिशेनं. मास्तरांनी मनातल्या मनात हुकूम दिला, मागे फिर. पाय चालत राहिले. त्यांनी तो जरा कडक करून दिला. पाय चालत राहिले. कोपऱ्यावरचं पिंपळाचं झाड मागे पडलं, तेव्हा मास्तर घाबरले आणि भर रस्त्यात, मैदानात काढायचे तो आवाज काढून ओरडले, "थांब!"

आता शरणपुरातला कोण माणूस मास्तरांच्या हाताखालून गेला नव्हता? गोटीराम भाजीवाल्यानं हातगाडी जागच्या जागी रोखली. टांगेवाल्यानं लगाम खेचला. चौकातला पोलीस, तोही मास्तरांचाच विद्यार्थी, टाच आपटून ताठ झाला. सायकलवरचे दोघे एक पाय टेकवून उभे राहिले. अख्खं शरणपूर थांबलं. मास्तरांचे पाय तेवढे थांबले नाहीत. ते त्यांना त्या सगळ्या थांबलेल्या माणसांमधून, सलामी घ्यायला निघालेल्या साहेबासारखं, सरळ सहादूच्या दारात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पाळकांच्या घरी गेले. मिशा खाली होत्या. पाळकांनी चिडून विचारलं नाही, पण सवयीनं तोंडातून आलं, काय हुयनं? मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. रस्त्याला उतार आहे, आणि उतारावर पाय आपोआप पुढे जातात. बूट नवे आहेत. परवापासून हवेत गारठा आहे. सहादू लाघवी माणूस आहे. एस्तेरच्या लग्नाचं कोणीतरी पुन्हा काढलं होतं. पाळक प्रत्येक कारणाला नुसती मान हलवत होते. अशा माणसापुढे कारणं फार लवकर संपतात. मास्तरांची संपली. आत पाळकांची बायको लताबाई काहीतरी कुटत होती तेवढाच आवाज.

मग मास्तर म्हणाले, "साहेब, माझ्याच्यानं होत नाही."

हे ते इतक्या हळू म्हणाले, की त्यांनाच आपला आवाज ओळखू आला नाही. आणि म्हणून झाल्यावर ते लहान पोरासारखे रडले. एवढा छातीचा माणूस, शिट्टी हुंदक्यासरशी वरखाली होत होती.

"आता देवाला सांगा," पाळक म्हणाले.

"काय सांगू?"

"हेच. एवढीच प्रार्थना शे. यात एक अक्षर घालू नका."

मग पाळकांनी आपलं सांगितलं. नामपूरच्या बाजारात कांद्याच्या ढिगावर पिऊन पडलेला माणूस मी, म्हणाले. मी उठून देवाकडे चालत गेलो असं लोकांना वाटतं. कसला चालतोय! मला उचलून नेलं. बुडणाऱ्या माणसानं नदीला हुकूम सोडायचे नसतात मास्तर, हात वर करायचा असतो. वाचवणारा वाचवतो. आणि एकदा वाचवलं म्हणून तुम्ही पोहायला शिकलात असं होत नाही. रोज सकाळी पुन्हा हात वर. मास्तरांनी विचारलं, आणि संध्याकाळी? पाळक हसले. संध्याकाळी साडेसहाला इथं या, म्हणाले, आमच्याकडे लसूण फार आहे.

लसूण खरोखरच फार होता. नामपूरकडच्या नातेवाइकांनी पोतं पाठवलं होतं, आणि लताबाई लसणाची चटणी करून मंडळीच्या मदतीसाठी विकायच्या. त्यांनी मास्तरांपुढे सूप ठेवलं. मास्तरांनी पहिल्या दिवशी पाकळ्या उंचीप्रमाणे लावल्या. लताबाईंनी त्या काही न बोलता हातानं मोडल्या आणि पाट्यावर घेतल्या. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्या तशाच टाकल्या. हात थरथरायचे, घाम फुटायचा, नख सालीत शिरायचं नाही. कधी कधी मास्तर एकदम उठून दारापर्यंत जायचे. मग पाळक आपलं सूप घेऊन दारातच बसायचे, म्हणजे त्यांना ओलांडून जावं लागेल. ओलांडायचं कसं, देवमाणूस म्हणून मास्तर परत बसायचे. रोज जाताना ते म्हणायचे, साहेब, उद्या नाही जमणार बघा. पाळक म्हणायचे, बरं, मग उद्या या.

इकडे शरणपुरात वेगळंच शिजत होतं. यंदा मास्तरांनी शपथ घेतली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. गेली दोन वर्षं शपथ घेऊन मग प्यायचे, यंदा ती लाजही सोडली, असा सरळ अर्थ लोकांनी काढला. त्यातून तो 'थांब'चा किस्सा गोटीरामनं भाजीबरोबर घरोघर पोचवला होता. मास्तर गेले कामातून, असं एकमतानं ठरलं. मार्थाबाईंना मात्र काय ते कळेना. पहाटे शिट्टी नाही, भांडी कशीही पडलेली, आणि मांजर तर भर लेंटमध्ये परत घरी आलं. त्यांनी नवऱ्याला विचारलं तर ते नुसते 'बघू' म्हणाले. हा शब्द त्यांनी लग्नापासून यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

आणि रूथ? रूथला वास आला. बाप रोज संध्याकाळी नाहीसा होतो आणि रात्री परत येतो तो लसणाचा घमघमाट घेऊन, हातांना, कपड्यांना, मिशांना. दारूचा वास मारायला लोक लसूण चावतात, हे कोणाला माहीत नाही? तिनं मामाला निरोप पाठवला, की सुटाचं शेवटचं माप देऊन ये. मास्तरांना हे कळलं तेव्हा जीव कासावीस झाला. एक शब्द, नुसता एक शब्द टाकला असता, की पोरी, मी पीत नाही, मी पिणार नाही, माझी शपथ. पण तेवढाच तर सोडला होता. ते जिभेवर आलेलं गिळून पाळकांकडे गेले आणि त्या दिवशी दुप्पट लसूण सोलला.

ईस्टर आला. पहाटे अंधारात लोक गात गात निघाले, देवळात दिवे लागले, सगळ्यांनी सगळ्यांना सलाम केले, आणि मग निम्मी मंडळी घरी जायच्याऐवजी रस्त्याच्या कडेला उगाच गप्पा मारत उभी राहिली. मास्तर कधी जातात ते बघायला, दुसरं काय. सहादूनं बाक धुऊन ठेवलं होतं. मास्तर घरी गेले, जेवले, झोपले. लोक चहापर्यंत वाट पाहून कंटाळले. पण संध्याकाळी साडेसहाला मास्तर बाहेर पडले तेव्हा रूथनं चपला घातल्या आणि मागोमाग गेली. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं आणि मग विषय संपवायचा होता.

नाल्याचा रस्ता डावीकडे राहिला आणि बाप उजवीकडे वळला. पाळकांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत तिचा बाप जमिनीवर मांडी घालून बसला होता, अंगभर पांढरी सालपटं, पुढ्यात रिकामं सूप. लताबाई म्हणत होत्या, मास्तर, सणाचा दिवस, आज पुरे. आणि मास्तर म्हणत होते, वहिनी, आणखी द्या हो, आज जास्तच ओढतंय.

रूथ आत गेली. लताबाईंनी सुपात आणखी लसूण ओतला आणि कपबशांचं निमित्त करून त्या बाहेर गेल्या. पाळकही त्यांच्यामागे गेले. रूथ बापासमोर खाली बसली. तिला सगळं कळलं होतं, तरी तिला एक हवं होतं, आणि लेक म्हणून तिला ते हवं असणं चूक नव्हतं.

"बाबा, लग्नाच्या दिवशी पिणार नाही म्हणा."

मास्तरांनी हातातली पाकळी खाली ठेवली. लेंट संपलं होतं. शपथ घ्यायला आता मनाई नव्हती. तोंड उघडलं की सगळं मिळत होतं, हात, देऊळ, पोरगी.

"मला नाही म्हणता येत, पोरी," ते म्हणाले. "आजचं सांगतो, आज नाही प्यायलो. त्या दिवसाचं माझ्या हातात नाही. माझा भरवसा धरू नकोस. मामाला तयार ठेव."

रूथनं लहानपणापासून या माणसाच्या शेकड्यांनी शपथा ऐकल्या होत्या, काचा थरथरवणाऱ्या. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. थोडा वेळ बसून तिनं बापाबरोबर लसूण सोलला आणि घरी गेली.

लग्नाच्या दिवशी शमुवेल मामा देवळाच्या दारात सकाळपासून उभा. काळा सूट, खिशात रुमालाचं टोक, कंबरेला किंचित घट्ट. मास्तरांना पाळकांनी पहाटेच आपल्याकडे नेलं होतं, आणि तिथून ते मागच्या बाजूनं येऊन भिंतीशी उभे राहिले होते, पाहुण्यांत. नांदगावची मंडळी नवरीच्या बापाला शोधत होती आणि मामालाच बाप समजून सलाम करत होती. मामा ते नाकारत नव्हता.

रूथ आली. पांढरी साडी, डोक्यावर जाळी, एका हातात फुलं, दुसऱ्यात उन्हाची छत्री आणि पर्स. मामानं खाकरून कोपर पुढे केलं. तिनं हातातली छत्री आणि पर्स त्या कोपरात अडकवली आणि भिंतीशी गेली. बाबा, चला, म्हणाली.

"अगं, पाय थरथरताहेत माझे," मास्तर कुजबुजले. "ऐकतील का नाही, सांगता येत नाही."

"तुम्ही हुकूम देऊ नका. मी धरते."

पेटीवर सूर लागला. लोकांनी माना वळवल्या, काहींनी हसायची तयारी करून ठेवली होती. मास्तरांचं पाऊल एकदा पुढे पडायचं, एकदा अडायचं. तिचं त्यांच्याशी जुळत नव्हतं, पेटीशी तर दोघांचंही नाही. तिनं त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला होता, फुलं कशीबशी त्यातच अडकली होती. बाप लेकीला नेतोय असं कोणालाच वाटेना, लेकच बापाला घेऊन निघाली होती, हे शेवटच्या बाकावरूनही दिसत होतं. एस्तेर पुढच्या बाकावर होती. ती यंदाही रडली, पण पदराआड नाही.

वेदीपाशी पोचल्यावर पाळकांनी विचारलं, या मुलीला कोण देत आहे? ज्या आवाजानं शरणपूर थांबायचं तो आवाज कुठे गेला कोण जाणे. मास्तर काहीतरी पुटपुटले. मागून कोणीतरी 'काय म्हणाले?' असं विचारलं. पाळकांना ऐकू गेलं तेवढं पुरे होतं. ते म्हणाले, मास्तर, आता मुलीला सोडा.

"मी कुठं धरलंय, साहेब?" मास्तर म्हणाले. "तिनंच धरलंय."

देऊळ हसलं. मास्तरही हसले, रूथही हसली, आणि डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते म्हणून नवऱ्या मुलानं आपला रुमाल पुढे केला. तरी तिनं सोडलं नाही. मास्तर एकटे बाकापर्यंत जातील याची तिला खात्री नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही नव्हती. तेव्हा तिनं मागे वळून मामाकडे पाहिलं. मामानं छत्री आणि पर्स एका बाकावर टेकवली, कोट खाली ओढला, आणि इतके दिवस ओसरीवर घोटलेल्या त्या संथ, देखण्या पावलांनी वेदीपर्यंत चालत आला. त्यानं कोपर पुढे केलं, आणि मास्तरांनी ते धरलं. इतकं सुरेख कोणी कोणाला बाकापर्यंत नेलं नसेल. नांदगावची माणसं अजून सांगतात, शरणपुरात बापाला परत आणायचीही रीत आहे.

बाकावर बसल्यावर मामानं हळूच विचारलं, "दाजी, आता सोडू का?"

"नको," मास्तर म्हणाले. "संध्याकाळ व्हायची आहे अजून."